डेमनच्या आकस्मिक समाप्तीचे निदान : डीबगरचा उपयोग

डेस्कटॉपवर पडद्याआड कार्य करणाऱ्या प्रक्रियेस डेमन असे म्हणतात. ती कोसळली की परिणाम दिसतो, कारण मात्र दिसत नाही. लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉपमधील 'ग्नोम-सेटिंग्ज-डेमन' हे याचे बोलके उदाहरण होय. ध्वनिपातळीच्या कळा, वीज-व्यवस्थापन इत्यादी कार्ये पूर्वी या एकाच प्रक्रियेत प्लगइनच्या रूपाने चालत. साहजिकच एका प्लगइनमधील दोषाने सर्व व्यवस्था ढासळे. २०१७ च्या ३.२४ या आवृत्तीत हे प्लगइन स्वतंत्र प्रक्रियांत विभागले गेले. त्यामुळे कोणता भाग पडला हे कळू लागले. तो का पडला, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

त्याच्या उत्तरासाठी जीडीबी हा डीबगर वापरला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. प्रक्रियेचा क्रमांक देऊन तो चालू डेमनला जोडता येतो. जोडताक्षणी प्रक्रिया थांबते. 'कंटिन्यू' ही आज्ञा दिल्यावरच ती पुढे सरकते. (खिडक्यांचे व्यवस्थापन करणारी प्रक्रियाच अशी थांबविली, तर डीबगरची खिडकीही गोठते! तेथे दुसऱ्या संगणकावरून काम करणे श्रेयस्कर.) डेमन लॉग-इन होताच कोसळत असेल, तर जोडण्यास अवसरच मिळत नाही. अशा वेळी कोसळतानाच्या स्मृतीची प्रत, म्हणजे कोअर फाइल, जीडीबीत उघडावी.

'बॅकट्रेस' ही आज्ञा त्या क्षणी अपूर्ण असलेल्या फंक्शनांची साखळी दर्शविते. डीबग-चिन्हे स्थापित नसतील तर तेथे नावांऐवजी केवळ पत्ते व प्रश्नचिन्हे दिसतात. साखळीतील पहिले नाव म्हणजेच अपराधी, असा समज सर्रास आढळतो. तो फसवा आहे. शून्य पॉइंटर वापरल्याने प्रक्रिया पडली असेल, तर 'अप' या आज्ञेने एकेक पायरी मागे जाऊन तो कोणी पाठविला हे शोधावे लागते. स्मृतीची मोडतोड झाली असेल तर प्रकरण अधिक बिकट असते. चुकीचे लेखन आधीच कोठेतरी घडलेले असते. जीलिबसी ग्रंथालयाला ते 'फ्री'च्या वेळी आढळते व ते प्रक्रिया संपविते. बॅकट्रेसमध्ये तेव्हा शोध लागल्याची जागा दिसते, दोषाची नव्हे. येथे व्हॅलग्राइंड उपयोगी पडते. त्याखाली कार्यक्रम कित्येक पटींनी मंदावतो, परंतु अवैध लेखन जेथे घडते तेथेच ते नोंदविले जाते.

कोअर फाइल इतरांकडे पाठविताना सावधगिरी आवश्यक आहे. तीत त्या प्रक्रियेची स्मृती असल्याने परवलीचे शब्दही आढळू शकतात. दोष-अहवालासोबत बॅकट्रेसचा मजकूरच, तोही वाचून पाहून, जोडावा.