पाठीवरची चरबी आणि टाक्यांची जखम

मणक्याचे ऑपरेशन ठरले की घरची माणसे आधी वजनकाट्याकडे धावतात. पण काटा एकूण भार सांगतो. चरबी पोटावर आहे की पाठीवर, हे त्याला काय ठाऊक? आणि छेद तर पाठीवरच घ्यायचा असतो!

२०१२ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कमरेचे मणके सांधलेल्या २९८ रोग्यांचे कागद तपासले. २४ जणांच्या जखमेत जंतुदोष झाला होता. वजन-उंचीच्या गुणोत्तराशी त्याचा ठळक संबंध लागेना; पाठीच्या कातडीखालील चरबीच्या जाडीशी मात्र लागला.

असे का व्हावे? पाणी खोल असले की विहीरही खोल खणावी लागते, तसेच हे. थर जाड, म्हणून छेद खोल. त्याच्या कडा अवजारांनी जास्त ताणून धराव्या लागतात. चरबीत रक्तवाहिन्या मुळातच विरळ. ताणामुळे रक्त आणखी कमी पोचते, थोडी चरबी मरते. टाक्यांखाली पोकळी राहिली तर तिथे पाणी साचते आणि जंतूंना आयते घर मिळते.

हा थर ऑपरेशनपूर्वी काढलेल्या एम.आर.आय. चित्रात दिसतो, डॉक्टरांना खुशाल विचारावे. जाड निघाला म्हणून उपास मात्र धरू नयेत. जखम भरायला डाळ, दूध, अंडी लागतातच. मधुमेह आटोक्यात आणावा, तंबाखू काही आठवडे आधीच सोडावी. घरी आल्यावर टाक्यांतून पाणी वा पू झिरपू लागला, ताप चढला, तर हळद दाबून वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.