विमानाचा आकार काय सांगतो?

वर्गात तास चालू असताना आकाशात विमानाची घरघर ऐकू आली, की मुलांच्या माना खिडकीकडे वळतात. पारोळ्यात हे रोज घडत नसले, तरी धुळे, शिरपूर आणि जळगाव येथे धावपट्ट्या आहेत. तेथून उडणारे प्रशिक्षणाचे एखादे लहान विमान आपल्या गावावरूनही जाऊ शकते. अशा वेळी 'गप्प बसा' म्हणण्याऐवजी 'त्याचे पंख खिडक्यांच्या वर होते की खाली?' असे विचारून पाहा. विमाने ओळखण्याचा छंद याच प्रश्नापासून सुरू होतो.

या छंदाला शिस्त लागली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये हजारो स्वयंसेवक आकाशावर नजर ठेवून येणारे विमान आपले की शत्रूचे, हे कळवत असत. त्यांना शिकवण्यासाठी विमानांच्या काळ्या छायाकृती वापरीत. रंग नाही, नाव नाही, फक्त आकार. पंख कुठे आहेत, इंजिने किती, तिसरे चाक नाकाखाली की शेपटीखाली आणि धड सरळ की मध्येच निमुळते, एवढ्यावरून ओळख पटवायची.

ओळख पटल्यावर पुढचा प्रश्न येतो : हा आकार असाच का? शिक्षकांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा, असे आम्हाला वाटते.

वरचे पंख, मागचे चाक

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे पुस मॉथ हे एका इंजिनाचे विमान होते आणि त्याचे पंख बसण्याच्या जागेच्या वर होते. त्या काळी वाट शोधायची ती खालच्या नद्या, रेल्वेचे रूळ आणि किनारा पाहून. पंख वर असले की खालची जमीन झाकली जात नाही.

डाकोटा विमान प्रथम उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी. त्याचे पंख खाली, इंजिने दोन आणि तिसरे लहान चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसलेले दिसते. या बैठकीमुळे फिरणारे पंखे जमिनीपासून उंच राहतात आणि खडबडीत मैदानावरही विमान उतरवता येते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून निघालेले सैनिक श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरले, ते डाकोटांतूनच.

मरुतची कंबर

मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात 'मरुत' हे लढाऊ विमान ठेवलेले आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला ते तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचे धड पंखांजवळ बारीक झालेले दिसते. ही कंबर शोभेसाठी नाही. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो. विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलले, तर हा विरोध कमी होतो. पंख सुरू झाले की क्षेत्रफळ एकाएकी वाढते; म्हणून तेथे धड बारीक करतात.

मरुतचे उद्दिष्ट ध्वनीच्या दुप्पट वेगाचे होते. पण त्याजोगे ताकदवान इंजिन मिळाले नाही. उपलब्ध इंजिनांवर ते ध्वनीच्या वेगाच्या आसपासच पोचू शकले. अशी १४७ विमाने बनली आणि १९७१ च्या युद्धात लढलीही. मोठी उमेद आणि अपुरे इंजिन, हे दोन्ही त्या धातूत आजही वाचता येते. विमान भंगारात गेले, की हा पुरावा कायमचा जातो. जुनी विमाने जपायची ती यासाठी.

अक्षरांचा पुरावा

भारतीय नागरी विमानांवरील अक्षरे 'व्हीटी'ने सुरू होतात. याचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी', म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशांना अक्षरगट वाटून दिले गेले. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेल्या गटातून 'व्हीएच' आले, भारताच्या गटातून 'व्हीटी'. ऑस्ट्रेलियात तर व्हाइसरॉय नव्हताच! ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक दाखवायला हे उदाहरण चांगले.

वर्गात करून पाहा

ओल्या मातीची दोन विमाने करा; एकाचे धड सरळ, दुसऱ्याचे पंखांजवळ बारीक. दोऱ्याने नाकाकडून शेपटीकडे सारख्या जाडीचे काप काढा आणि प्रत्येक काप तराजूत तोला. जाडी सारखी असल्याने वजन छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येईल. वजनांचे दोन आलेख काढा. पहिल्यात पंखांपाशी टेकाड दिसेल, दुसऱ्यात ते बसके होईल.

एक वही आकाशनिरीक्षणासाठी ठेवा. दिनांक, वेळ, दिशा, पंख, इंजिने आणि चाके एवढे रकाने पुरेत. न दिसलेले मात्र भरायचे नाही. तो रकाना कोरा ठेवायचा. हवाई दलाच्या तळांजवळ छायाचित्रे घेऊ नयेत, हेही मुलांना सांगावे.

नाशिकजवळच्या ओझरला वर्षानुवर्षे मिग-२१ विमाने बनत होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती हवाई दलातून निवृत्त झाली. आता त्यांतले एखादे कुठे चौथऱ्यावर उभे दिसले, तर त्याच्या नाकाच्या भोकातून पुढे आलेला शंकू मुलांना दाखवा आणि विचारा : हा कशासाठी असेल?