कुंपणापलीकडे जाणारा आवाज

पावसाळा सुरू झाला की लोणावळ्यापासून घोरावाडीपर्यंत मावळात भाड्याच्या बंगल्यांना मागणी वाढते. यातून गावाला रोजगार मिळतो, हे चांगलेच आहे. पण अंगणातला स्पीकर मध्यरात्रीही वाजत राहतो, तेव्हा त्याची किंमत शेजारी मोजतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. म्हणजे 10 मीटरवर 85 डेसिबल असलेला आवाज 100 मीटरवर 65, तर थेट 1 किलोमीटरवर 45 होतो. वाटेत झाडे, भिंती असतील तर आणखी थोडा कमी. मात्र निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात. म्हणूनच दिवसा ऐकू न येणारे गाणे रात्री दूरच्या वस्तीत स्पष्ट पोचते.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. ‘आमच्या बंगल्यात आम्ही काहीही करू’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

मालकांनी हा नियम बुकिंगच्या वेळीच सांगावा आणि रात्री जागेवर जबाबदार माणूस ठेवावा. पाहुण्यांनो, दहा वाजले की स्पीकर बंद करा. शेजाऱ्यांनो, त्रास होत असेल तर 112 वर तक्रार करा.