बाराव्या वर्षी विद्यापीठाच्या दारात

उन्हाळी सुट्टी जवळ आली की छंदवर्ग, पोहणे, ट्रेकिंग यांच्या जाहिरातींबरोबर आता आणखी एका प्रकारची माहितीपत्रके शहरी पालकांच्या हाती पडू लागली आहेत. ‘जगप्रसिद्ध विद्यापीठात तीन आठवडे’ असे आश्वासन देणारी ही पत्रके महाविद्यालयीन तरुणांसाठी नसतात, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडूनही अशा वर्गांची वर्णने कानावर येतात आणि मग प्रश्न पडतो, की आपल्या मुलालाही पाठवावे काय? काही लाखांचा खर्च करून नेमके पदरात काय पडते? या प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर हे वर्ग मुळात कशासाठी सुरू झाले, हे आधी पाहायला हवे.

एका मुलाची अडचण

ही कथा सुरू होते अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात. १९६८च्या उन्हाळ्यात तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हुशार शाळकरी मुलांसाठी संगणकाचा एक वर्ग चालला होता. त्या वर्गातील जोसेफ बेट्स हा मुलगा इतरांच्याच नव्हे, तर शिकवणाऱ्यांच्याही पुढे जात होता. वर्गाच्या शिक्षिकेने ही गोष्ट विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांच्या कानावर घातली. स्टॅन्ली हे शैक्षणिक मापनशास्त्रातले अधिकारी अभ्यासक होते. १९६९च्या प्रारंभी त्यांनी त्या मुलाला ‘सॅट’ ही परीक्षा द्यायला लावली. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुले महाविद्यालयीन प्रवेशासाठी ही परीक्षा देतात. बेट्स तेव्हा आठवीत होता आणि त्याचे गुण उत्तम महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या तोडीचे आले.

खरी अडचण पुढेच होती. या मुलाला त्याच्या कुवतीचा अभ्यास शिकवायला आसपासच्या शाळा तयार होईनात. अखेर तेराव्या वर्षीच त्याला जॉन्स हॉपकिन्समध्ये पदवीच्या वर्गात दाखल करण्यात आले. सतराव्या वर्षापर्यंत त्याने संगणकशास्त्रातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही मिळवल्या. पुढे तो याच विषयाचा प्राध्यापक झाला.

बेट्सचे भले झाले. परंतु तेराव्या वर्षी शाळा सोडून थेट महाविद्यालयात जाणे हा मार्ग फार थोड्यांना झेपणारा. बाकीच्या हुशार मुलांनी काय करावे? वर्षभर वर्गात बसून आधीच येत असलेली उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवावीत? या दोन टोकांच्या मधली वाट म्हणून पुढे उन्हाळी सुट्टीकडे पाहिले गेले. शाळेचे वेळापत्रक, इयत्ता, अभ्यासक्रम यांतले काहीच सुट्टीत आडवे येत नाही. मुलगा आपल्या वयाच्या मुलांतच राहतो, तरी अभ्यास मात्र त्याच्या पातळीचा करू शकतो.

ठेंगण्या छताखाली उंची मोजणे

स्टॅन्ली यांनी १९७१मध्ये गणितात असाधारण गती असलेल्या मुलांचा एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आणि मार्च १९७२मध्ये बाल्टिमोर परिसरातील सुमारे ४५० मुलांची पहिली ‘प्रज्ञाशोध’ चाचणी घेतली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. सहावीच्या परीक्षेत दोन मुलांना शंभरापैकी ९८ गुण मिळाले, तर आपण दोघांना सारखेच हुशार मानतो. प्रत्यक्षात एकाने भरपूर सराव करून ९८पर्यंत मजल मारलेली असते, तर दुसऱ्याला आठवीचा, दहावीचा पेपर दिला असता तरी तो सहज सोडवता आला असता. सहावीचा पेपर हा फरक दाखवूच शकत नाही. खोलीचे छत पाच फुटांवर असेल, तर त्याखाली सगळेच उंच लोक वाकून उभे राहतात आणि सारख्याच उंचीचे दिसतात, तसाच हा प्रकार. छत उंच करायचे, म्हणजे चार-पाच वर्षे पुढची परीक्षा द्यायची. मग सारखी दिसणारी मुले वेगवेगळ्या उंचीची असल्याचे ध्यानात येते.

‘सॅट’च्या प्रत्येक विभागाला २०० ते ८०० गुण असतात. तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी गणितात ७००हून अधिक गुण मिळवणारी मुले साधारणपणे दहा हजारांत एक, असा अंदाज या अभ्यासातून पुढे मांडला गेला. मात्र ही परीक्षा मुलांना क्रमवारीत बसवण्यासाठी नव्हती. कोणत्या मुलाला कोणत्या पातळीवरून शिकवायला सुरुवात करावी, हे ठरवण्यासाठी ती होती. प्रज्ञाशोधाचे हे मर्म पुढच्या काळात अनेकदा विसरले गेले.

१९७९मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने या कामासाठी स्वतंत्र विभाग उघडला. तोच पुढे ‘सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ’ अर्थात ‘सीटीवाय’ या नावाने प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९८०मध्ये ड्यूक विद्यापीठाने आणि १९८२मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने असेच उपक्रम सुरू केले. ड्यूकचा प्रज्ञाशोध २०२०च्या साथीनंतर बंद झाला. तत्पूर्वी अहमदाबादच्या ‘एज्युकेशनल इनिशिएटिव्हज’ या संस्थेने ड्यूकच्या सहकार्याने भारतातही काही वर्षे अशी परीक्षा आणि उन्हाळी वर्ग चालवले होते.

तीन आठवडे, एकच विषय

या वर्गांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ‘सीटीवाय’च्या पारंपरिक निवासी वर्गात मुलगा तीन आठवडे एकच विषय शिकतो. दिवसाचे पाच तास वर्ग आणि संध्याकाळी पुन्हा अभ्यासाची बैठक. वर्गात पंधरा-वीस मुले, एक शिक्षक आणि एक साहाय्यक. विषयही शाळेतल्यापेक्षा निराळे असतात. संख्याशास्त्र म्हणजे आकडेवारी नव्हे, तर पूर्णांकांचे गुणधर्म तपासणारे गणित, सांकेतिक लिपींचे शास्त्र, तर्कशास्त्र, शब्दांच्या व्युत्पत्ती, जीवाश्मांवरून प्राचीन जीवसृष्टीचा अभ्यास, सर्जनशील लेखन वगैरे. शेवटी गुण किंवा श्रेणी मिळत नाही. मुलाने काय केले, कोठे अडखळला, पुढे काय वाचावे, याविषयी शिक्षक सविस्तर लेखी अभिप्राय देतात.

येथे एक गोष्ट वाचकांना चकित करील. जॉन्स हॉपकिन्सच्या या निवासी वर्गांपैकी बरेचसे त्या विद्यापीठाच्या आवारात भरतच नाहीत. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर, कार्लाइल अशा लहान गावांतल्या महाविद्यालयांची वसतिगृहे सुट्टीत रिकामी असतात. मुले तेथे राहतात. म्हणजे जेथे खरे काम चालते, तेथे प्रसिद्ध इमारतींचे महत्त्व दुय्यमच ठरते.

या मुलांना तेथे सर्वांत मोलाचे काय वाटते? पुष्कळ माजी विद्यार्थी अभ्यासाआधी सोबतीचा उल्लेख करतात. शाळेत जास्त प्रश्न विचारले की थट्टा होते, म्हणून गप्प बसायला शिकलेल्या मुलाला आपल्यासारखीच आणखी मुले आहेत, हे प्रथमच कळते. बाराव्या-तेराव्या वर्षी हा दिलासा लहान नव्हे.

नाव कोणाचे, वर्ग कोणाचा

या सर्वाला दुसरीही बाजू आहे. सुट्टीत रिकामी असलेली वसतिगृहे आणि वर्गखोल्या अनेक नामवंत विद्यापीठे बाहेरच्या कंपन्यांना भाड्याने देतात. अशा वर्गांच्या माहितीपत्रकावर जुन्या दगडी इमारतींचे छायाचित्र असते आणि विद्यापीठाचे नाव ठळक असते. या कार्यक्रमाचा विद्यापीठाशी शैक्षणिक संबंध नाही, ही ओळ मात्र अगदी बारीक टाइपात असते. असा वर्ग वाईटच असतो असे नाही. मुले आनंदात राहतात, दोन नव्या गोष्टी शिकतात, नवा देश पाहतात. परंतु ती शैक्षणिक सहल आहे, हे समजून पैसे भरणे वेगळे आणि विद्यापीठाने आपल्या मुलाला निवडले, अशा समजुतीत राहणे वेगळे.

दुसरा गैरसमज प्रवेशाचा. सातवीत अशा वर्गाला गेल्याने पुढे त्याच विद्यापीठात प्रवेश सुकर होतो, असे अनेक पालक धरून चालतात. अशा वर्गांमुळे प्रवेशाची हमी मिळत नाही, हे बहुतेक विद्यापीठे स्वतःच स्पष्ट करतात. सातवीतले प्रमाणपत्र पाच वर्षांनी कोणी फारसे पाहतही नाही. राहते ते त्या तीन आठवड्यांत जडलेले एखाद्या विषयाचे वेड.

तिसरा मुद्दा यशाच्या यादीचा. गूगलचे सर्गेई ब्रिन, फेसबुकचे मार्क झुकरबर्ग, गायिका लेडी गागा ही ‘सीटीवाय’च्या माजी विद्यार्थ्यांची नावे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेत, परंतु त्यांवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे. आधीच असाधारण असलेली मुले निवडली, तर त्यांतली काही पुढे नाव काढणारच. त्यांच्या यशात तीन आठवड्यांचा वाटा किती, हे यादीवरून कळत नाही. स्टॅन्ली यांनी सुरू केलेला अभ्यास पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठात कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या आयुष्याचा मागोवा घेत चालू ठेवला. लहानपणी आपल्या पातळीचे विज्ञान-गणित अधिक प्रमाणात मिळालेल्या मुलांनी पुढे त्या क्षेत्रांत अधिक कामगिरी केली, असे त्यातील २०१०च्या एका निबंधात दिसून आले. मात्र त्यातला हा खुराक अनेक मार्गांनी मिळालेला होता. वरच्या वर्गातले विषय, स्पर्धा, संशोधन प्रकल्प, महाविद्यालयीन अभ्यास आणि उन्हाळी वर्गही. एका सुट्टीने भविष्य घडते, असा त्याचा अर्थ नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांचे काय?

निवासी वर्गांचे शुल्क काही हजार डॉलर असते. भारतातून जायचे, तर विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च वेगळा. त्यामुळे प्रज्ञा शोधण्याच्या नावाखाली सुखवस्तू घरांतलीच मुले शोधली जातात, हा आक्षेप अमेरिकेतही जुना आहे आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही. त्यावर काही उपायही झाले. बहुतेक मोठे उपक्रम शिष्यवृत्त्या देतात. ‘जॅक केंट कुक फाउंडेशन’ सातवीतल्या गुणवान पण अल्प उत्पन्न गटातील मुलांना निवडून त्यांच्या उन्हाळी शिक्षणाचाही भार उचलते. न्यूयॉर्कमध्ये २०११मध्ये सुरू झालेला ‘बीम’ हा उपक्रम गरीब वस्त्यांतील मुलांना सुट्टीत महाविद्यालयाच्या आवारात नेऊन विनामूल्य उच्च गणित शिकवतो.

या बाबतीत आपल्याकडचे एक उदाहरण अभिमानाने सांगता येईल. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर संस्थापक-संचालक असलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ने १९९०च्या दशकात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक उन्हाळी उपक्रम सुरू केला. पुण्यातील शाळांनी पाठवलेली मुले लहान गट करून एकेका वैज्ञानिकाबरोबर आठवडाभर काम करीत. ठरावीक अभ्यासक्रम नव्हता. काय करायचे ते मुले आणि मार्गदर्शक मिळून ठरवीत आणि शेवटी मुले छोटा अहवाल लिहीत. त्याही आधी, १९६२मध्ये, आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ‘ज्ञान प्रबोधिनी’ स्थापन केली, तीही बुद्धिमान मुलांना शाळेच्या चौकटीपलीकडचे काही द्यावे, याच विचारातून. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही आणि तिच्यासाठी दरवेळी समुद्र ओलांडलाच पाहिजे, असेही नाही.

पालकांनी विचारावेत असे प्रश्न

अर्ज भरण्यापूर्वी काही गोष्टी नीट विचारून घ्याव्यात. वर्ग विद्यापीठ स्वतः चालवते की केवळ जागा देते? प्रवेशासाठी मुलाची पातळी पाहिली जाते की शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो? शिकवणारे कोण आहेत आणि एका वर्गात मुले किती? रोज किती तास अभ्यास आहे आणि शेवटी मुलाच्या कामाविषयी काही लेखी मिळते की फक्त प्रमाणपत्र? रात्री वसतिगृहात देखरेख कोणाची? आजारपणात काय व्यवस्था आहे? परदेशी जायचे असल्यास कोणता व्हिसा लागेल, हेही संस्थेकडून लेखी घ्यावे. अभ्यासाच्या स्वरूपानुसार आणि तासांनुसार त्यात फरक पडतो.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माहितीपत्रकाच्या बाहेरचा आहे आणि तो घरातच विचारायचा आहे. आपले मूल शाळेत कंटाळते काय? त्याला न सांगता ते एखाद्या विषयामागे धावते काय? आणि आई-बाबांपासून तीन आठवडे दूर राहण्याची त्याची स्वतःची तयारी आहे काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल, तर असा वर्ग, मग तो बाल्टिमोरचा असो वा पुण्याचा, त्या मुलाला पुष्कळ काही देऊन जाईल. उत्तर ‘नाही’ असेल, तर नामवंत विद्यापीठाच्या हिरवळीवर काढलेले छायाचित्र तेवढे घरी येईल.

त्या बाल्टिमोरच्या मुलाला हवा होता तो त्याच्या भुकेइतका अभ्यास. शाळेत तो मिळेना, म्हणून विद्यापीठाचे दार ठोठवावे लागले. आपल्या मुलाची भूक किती आणि कशाची, हे एकदा ओळखले की दार कोणते ठोठवायचे, हे ठरवणे पालकांना फारसे अवघड जाणार नाही.