कासरा कोणाच्या हातीं?

बैलगाडीच्या शर्यती असाव्या कीं नसाव्या, हा वाद न्यायालयापुरता तरी मिटला आहे. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं शर्यतींस सशर्त मोकळीक मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. शौकिनांनीं गुलाल उधळला, तें साहजिकच होतें. परंतु मोकळीक मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असें नव्हे. ती तेथूनच सुरू होते. ज्याच्या हातीं कासरा आहे, त्या गाडीवानास शिस्त कोण लावणार, हा आमचा प्रश्न आहे.

नियम नाहींत असें कोणी म्हणूं नये. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, पशुवैद्यानें बैल तपासले पाहिजेत, धांव एक हजार मीटरपेक्षां अधिक नसावी, चाबूक व काठी वर्ज्य. भंग करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. १९६० च्या मूळ कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही शिक्षा लहान नाहीं हें कळेल. पण बैलाची शेपटी पिरगाळणारा, दुसऱ्याच्या वाटेंत गाडी आडवी घालणारा, सुटलेली जोडी गर्दीकडे वळली तरी न आवरणारा गाडीवान या कायद्याच्या हातीं लागतो केव्हां? फिर्याद, पंचनामा, साक्षी, तारखा. आणि तोंवर तोच गृहस्थ दुसऱ्या मैदानांत गाडीवर उभा! शिवाय बेदरकारपणें वाहन हांकण्याबद्दलचें भारतीय न्याय संहितेचें २८१ वें कलम सार्वजनिक रस्त्यापुरतें आहे. शर्यत बहुधा शेतांत वा माळावर होते. माणसांचा जीव धोक्यांत घालण्याबद्दलचें १२५ वें कलम लागूं शकेल, परंतु तेंहि अखेर कोर्टाच्याच वाटेनें.

मग तरणोपाय काय? अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत हलक्या दुचाकी गाडीस घोडा जुंपून शर्यती होतात. तेथें हांकणाऱ्यास परवाना लागतो. धांव संपतांच पंच चौकशी करतात, चित्रपट लावून पाहतात, आणि कोणी दुसऱ्याची वाट अडविली असें ठरल्यास त्याचा क्रमांक खालीं घालतात, दंड करतात, कांहीं दिवस वा महिने त्यास मैदानाबाहेर ठेवतात. इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर जॉकींना हीच शिस्त आहे. तेथील श्रीमंताच्या घोड्यास जें संरक्षण आहे, तें आमच्या शेतकऱ्याच्या बैलास व कडेला उभ्या असलेल्या पोरांस कां नसावें?

भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीसारख्या गांवांतून हें करणें अवघड नाहीं. शर्यत भरविणाऱ्यांनीं प्रत्येक गाडीवानाचें नांव वहींत लिहावें. गाडीचा मालक वा नातलग नसलेले तीन पंच नेमावे. मोबाईलवर चित्रण तर आजहि प्रत्येक जण करतो. तेंच पुरावा म्हणून पाहावें. गाडीवानाचें म्हणणें ऐकल्यावांचून शिक्षा करूं नये, आणि शिक्षा झाली तर ती त्याच सायंकाळीं जाहीर करावी. निलंबित झालेल्याचें नांव शेजारच्या तालुक्यांस कळवावें, म्हणजे अंबाडीस बंदी झालेला मनुष्य शहापुरांत मिरवणार नाहीं. अर्थात् गुन्हा घडला असेल तेथें पंचांचा निर्णय पोलिसांच्या जागीं येऊं शकत नाहीं.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. शर्यतीचीं बक्षिसें बहुधा देणग्यांतून उभीं राहतात, आणि मंडपावर देणगीदारांचीं नांवें झळकतात. कपट्यावर सही केल्यावांचून दहा रुपये उधार न देणारा दुकानदार शर्यतीला हजारों रुपये कोणत्याहि अटीवांचून कां देतो? पंच नेमल्याचें, वही ठेवल्याचें व कडेला भक्कम कठडा घातल्याचें पाहूनच पैसे द्यावे. हुकूमनामा काढावयास सरकारास वेळ लागेल. थैलीचें तोंड आवळणें तुमच्या हातीं आजच आहे.

शर्यत टिकावी असें ज्यांस मनापासून वाटतें, त्यांनींच हें आधीं केलें पाहिजे. न्यायालयानें दिलेली मोकळीक सशर्त आहे; एका बेफाम गाडीवानापायीं ती गमावणें हा शहाणपणा नव्हे.