फुलेऱ्याच्या मंजूदेवी आणि आपले सरपंचपती

मंडळी, ‘पंचायत’ ही हिंदी मालिका तुम्ही पाहिली नसेल, तरी तिचं नाव कानावर आलंच असेल. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, ती ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तिची चार पर्वं झाली. गाव फुलेरा, जिल्हा बलिया, उत्तर प्रदेश. गाव काल्पनिक, चित्रीकरण झालंय मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. तिथला प्रधान म्हणजे आपला सरपंच आणि सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक. (२०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं ठरलंय, पण आपल्या तोंडात अजून ग्रामसेवकच बसलाय.)

गोष्ट साधी आहे. अभिषेक त्रिपाठी नावाचा इंजिनिअर झालेला पोरगा, दुसरी नोकरी मिळेना म्हणून वीस हजार पगारावर सचिव होऊन गावात येतो. पहिल्याच दिवशी कार्यालयाला कुलूप, आणि किल्ली हरवलेली! ज्यांनी ग्रामपंचायतीत चार दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सोलरचे दिवे कोणाच्या दारात लावायचे यावरची बैठक, कुटुंबनियोजनाची घोषणा भिंतीवर रंगवली म्हणून उठलेला गदारोळ, कार्यालयातून चोरीला गेलेला मॉनिटर, हे सगळं बघताना आपल्याच गावात कोणी कॅमेरा लपवून ठेवला होता की काय असं वाटतं. दुसऱ्या पर्वात नशामुक्तीचा भोंगा लावलेली गाडी गावात येते, आणि ती चालवणारा ड्रायव्हरच पिऊन तर्र! मी तो भाग तीनदा पाहिला, तिन्ही वेळा पोट धरून हसलो.

पण मला विचाराल तर ही मालिका सचिवजींची नाहीच. ती मंजूदेवीची आहे. फुलेऱ्याची प्रधान कागदावर मंजूदेवी, आणि कारभार बघतो तिचा नवरा ब्रिजभूषण दुबे. गाव त्यालाच ‘प्रधानजी’ म्हणतं. सह्यांपुरती बायको, खुर्चीवर नवरा. आता सांगा, हे काय फक्त उत्तर प्रदेशात चालतं? त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. आपल्या महाराष्ट्रात तर २०११ पासून निम्म्या. तरी सरपंचबाईंचा फोन लावावा तर पलीकडून ‘हं, बोला’ म्हणून पुरुषाचा आवाज येतो, हा अनुभव कोणाला नाही?

पहिल्या पर्वाचा शेवटचा, आठवा भाग जरूर बघा. २६ जानेवारी आहे. झेंडा प्रधानानंच लावायचा आणि राष्ट्रगीत म्हणायचं. मंजूदेवीला ते पाठ नाही. नीना गुप्तांनी ही बाई काय रंगवलीय! डोक्यावर पदर, चेहऱ्यावर भीती, आणि समोर कलेक्टर उभे. ती सुरू करते, मध्येच अडखळते. आपल्याच घशात काहीतरी अडकतं. मग ती पुन्हा धरते आणि शेवटापर्यंत नेते. तोवर विनोदी वाटणारी मालिका तिथं वेगळीच होऊन जाते. त्यानंतर मंजूदेवी हळूहळू घराबाहेर पडते, बोलायला लागते, भांडायलाही लागते.

रघुबीर यादव तर आपल्या जुन्या ओळखीचे, दूरदर्शनवरचे मुंगेरीलाल. त्यांचा प्रधानजी लबाड आहे, पण वाईट नाही. बायकोचा अधिकार त्यानं हिसकावलाय हे त्याच्या मनातही येत नाही. सगळेच तसं करतात, म्हणून तोही करतो. मला हाच अभिनय खरा वाटला. खलनायक करून टाकला असता तर आपले सरपंचपती ‘तो मी नव्हेच’ म्हणून मोकळे झाले असते!

आणि प्रल्हाद, म्हणजे उपप्रधान. फैसल मलिक या नटाला सलाम. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याचा फौजी मुलगा शहीद होऊन गावात येतो. हंबरडा फोडायला भरपूर जागा होती. हा माणूस नुसता थिजून बसतो. ज्या गावांतून पोरं सैन्यात गेलीत तिथल्या लोकांना तो भाग एकट्यानं बघवणार नाही. त्या दुसऱ्या पर्वाला २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात उत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

आता दोन तक्रारी. एक, फुलेऱ्यात शेत दिसतं पण शेती दिसत नाही. भाव, खत, पाणी, कर्ज यांवर कोणी फारसं बोलतच नाही. दुधी भोपळा मात्र जागोजागी. चौथ्या पर्वात तर मंजूदेवीचं निवडणूक चिन्हच दुधी! दुसरी, त्रिपाठी, दुबे, पांडे, शुक्ला ही कारभाऱ्यांची आडनावं बघा. बाकीचं गाव कुठं राहतं, हा प्रश्न मालिका विचारत नाही. तिसऱ्या पर्वात घरकुलासाठी नातवानं हाकलून दिल्याचं नाटक करणारी आजी आहे. हसू येतं, गहिवरूनही येतं. पण घरकुलाच्या यादीत नाव यायला काय काय करावं लागतं, हे आपल्याकडच्या ग्रामसभेत बसलेल्यांना जास्त ठाऊक.

चौथं पर्व २०२५ च्या जूनमध्ये आलं, ते निवडणुकीनं खाऊन टाकलं. हसू कमी, कुरघोडी जास्त. (ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

मंजूदेवी पडते. क्रांतीदेवी निवडून येते, चिन्ह प्रेशर कुकर. बरेच जण हळहळले, मीही. पण जरा नीट बघा, क्रांतीदेवीच्या मागे कोण उभा आहे? तिचा नवरा भूषण. म्हणजे एक नवरा गेला, दुसरा आला. फरक एवढाच, की मंजूदेवीला स्वतःचा आवाज सापडायला चार पर्वं लागली आणि तेवढ्यात मुदत संपली.

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं याच मंडळींना घेऊन मार्च २०२५ मध्ये ‘असली प्रधान कौन?’ नावाचा छोटा चित्रपटही आणला. त्यातही नीना गुप्ता आहेत. सरपंचबाईंच्या प्रशिक्षणात तो दाखवायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी त्यांच्या यजमानांनाही पुढच्या रांगेत बसवा. पाचव्या पर्वाची घोषणा २०२५ मध्येच झाली. त्यात क्रांतीदेवी सह्या करते की कारभार, एवढंच मला बघायचंय.