सेल्टिकसाठी रडलेला रॉकस्टार

७ नोव्हेंबर २०१२. ग्लासगोत सेल्टिक या स्कॉटिश फुटबॉल क्लबनं मेस्सीच्या बार्सिलोनाला २-१ नं हरवलं! दुसरा गोल १८ वर्षांच्या टोनी वॉटचा. शिट्टी वाजली आणि कॅमेऱ्यानं प्रेक्षकांत टिपला रॉकगायक रॉड स्ट्युअर्ट, डोळ्यांतून घळाघळा पाणी. जन्मानं लंडनचा, पण वडील स्कॉटिश. १९७७ च्या ‘यू आर इन माय हार्ट’ या गाण्यातही त्यानं सेल्टिकचं नाव गुंफलंय. माझ्या मते सेल्टिकला याच्याइतका दिलदार चाहता दुसरा नाही. अभिनेता जेम्स मॅकअव्हॉयही सेल्टिकचाच. आणि बिली कॉनली! विनोदवीर होण्याआधी तो क्लाइड नदीकाठच्या जहाज कारखान्यात वेल्डर होता. पूर्व ग्लासगोतल्या गरिबांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून १८८७ मध्ये स्थापन झालेल्या क्लबला असा कष्टकरी चाहता शोभतोच.